फेरीबोटीवर शिकलेलं स्थैर्य

प्रिय मुला,

पत्र पोचलं. जीएमचं, म्हणजे जहाजाच्या स्थैर्याच्या मापाचं, सूत्र तोंडपाठ आहे, पण जहाजावर ते कुठे दिसत नाही, अशी तुझी तक्रार. पुस्तक मिट आणि आपली गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट आठव.

धक्का जवळ आला की स्कूटरवाले इंजिनं सुरू करून पुढे सरकतात. रॅम्पकडचं टोक खाली जातं, मागचं वर येतं. ड्राफ्ट म्हणजे बोट पाण्यात किती खोल बुडाली ते; पुढच्या आणि मागच्या ड्राफ्टमधला तो फरक म्हणजे ट्रिम. बोटीवर वजन किलोभरही वाढलेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. कुणी ‘मगर!’ म्हणून ओरडला आणि सगळे एका कठड्याशी धावले, तर बोट त्या बाजूला कलेल, तो लिस्ट. जहाजावरही हिशेब हाच. वीस टन चाळीस मीटर मागे नेले की आठशे टन-मीटर; ट्रिम एक सेंटिमीटर बदलायला शंभर लागत असतील, तर आठ सेंटिमीटर बदलला.

जीएम मात्र असा डोळ्यांना दिसत नाही. जहाज जरा कललं की पाण्याचा रेटा ज्या उभ्या रेषेत वर येतो, ती जहाजाच्या मध्यरेषेला छेदते तिथे एम. गुरुत्वमध्य जी त्याच्या खाली असेपर्यंत जहाज आपोआप सरळ होतं; दोघांमधलं अंतर म्हणजे जीएम.

जी वर गेला तर? मी कॅडेट होतो, डेकवर लाकडाचे ओंडके. पावसात भिजून ते जड झालेले, तळच्या टाक्यांतलं इंधन संपत आलेलं. एका सकाळी मेसमधला चहाचा कप घसरत कडेला गेला. जहाज डावीकडे झुकलं ते झुकलेलंच राहिलं. दुपारी वळण घेताना तेवढंच उजवीकडे पडलं. मी शहाणपणाने वर उचललेल्या बाजूची टाकी भरायला धावलो. चीफ ऑफिसरने व्हॉल्व्हवरचा माझा हात धरला. म्हणाला, हा लिस्ट नव्हे, लॉल; वजन एका बाजूला नाही, जी एमच्या वर गेलाय. वरची बाजू जड केलीस तर जहाज धाडकन तिकडे आदळेल. आधी झुकलेल्याच बाजूची तळटाकी, तीही लहान आणि एका वेळी एकच, कारण टाकी पूर्ण भरेपर्यंत आतलं पाणी इकडेतिकडे धावून स्थैर्य आणखी खातं.

अर्धवट टाकीला म्हणूनच घाबर. मध्ये लांबीच्या दिशेने एक भिंत घातली की हा परिणाम चौथाईवर येतो. ओल्या खनिजभुकटीला तर भिंतही नसते. वर कोरडी दिसली तरी लाटांच्या हादऱ्यांनी तिचा चिखल होतो. २००९च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोज’ अशीच भुकटी घेऊन बुडाली. मांडवीतल्या बार्जी बघत वाढलेल्या पोराला ही दोन नावं माहीत हवीत.

वॉचवर, म्हणजे पाळीवर, असताना घड्याळ लाव. एका बाजूला झुकून परत त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात? असे दहा हेलकावे मोज, सरासरी काढ. जीएम एक चतुर्थांश झाला की हा काळ दुप्पट होतो. आळसावल्यासारखं सावकाश डोलणारं जहाज झोपेला छान वाटतं. माझी झोप तेव्हाच उडायची.

पुढच्या पत्रात सेकंद लिही, जहाजाची रुंदीही. चवथीला आलास की चोडणला जाताना तूच मला त्या फेरीबोटीचा जीएम सांग.

तुझा,
काका