पुल रिक्वेस्ट टाकून तीन आठवडे झाले, सोडून देऊ का?

प्रश्न : दादा, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्याला राहते, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. मी एक ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) नोट्स ॲप वापरते, रात्री दोन-तीन वाजता अभ्यास करताना नोट लिहिली की तिच्यावर कालची तारीख पडते. कोड उघडून बघितला तर तारीख यूटीसीची (जगाच्या प्रमाण वेळेची) घेतलेली, मी ती लोकल केली आणि पुल रिक्वेस्ट (माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकली, जाता जाता फाइलवर फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्राम) पण फिरवला कारण ती फारच विस्कटलेली होती. तीन आठवडे काहीच नाही आणि परवा मेंटेनरने (ॲपचा कोड सांभाळणाऱ्याने) एवढंच लिहिलं की फॉर्मॅटिंग काढ आणि टेस्ट (बदल बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) कुठे आहे. क्लासमधले पोट्टे म्हणून राहिले की सोड, तिकडचे लोक आपल्याला उभं करत नाहीत. माझं इंग्रजीही जेमतेम आहे. काय करू?

उत्तर : अजिबात सोडू नको. त्या माणसाने तुझा कोड उघडून वाचलाय, नाहीतर टेस्ट नाहीये हे त्याला कळलंच नसतं, ज्याला घ्यायचंच नसतं तो रिक्वेस्ट बंद करून मोकळा होतो.

आता एक कर, गिट डिफ मार (म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक दिसेल) आणि हा बदल कुण्या अनोळखी माणसाने पाठवलाय असं समजून बघ. तुझं खरं काम दोन-चार ओळींचं आणि त्याच्या वर-खाली स्पेस नि टॅबचे लाल-हिरवे पट्टेच पट्टे, त्यातून त्या ओळी शोधायच्या म्हणजे तांदळातले खडे वेचणं आहे, आणि वेचणारा बहुतेक वेळा दिवसभर नोकरी करून रात्री बसलेला असतो. बरं, एकदा मर्ज केलं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलं, की तो कोड त्याच्या गळ्यात, उद्या काही मोडलं तर लोक त्यालाच बोलणार. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आकसून लहान करणाऱ्या लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये) चोरदरवाजा सापडला होता बघ, तो घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं साधी-सरळ मदत करून विश्वास कमावला होता, आणि उघडकीला कसं आलं तर लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला खटकलं म्हणून. त्यानंतर अनोळखी माणसाचा लांबलचक बदल कोणी डोळे मिटून घेत नाही, मग पाठवणारा नागपूरचा असो की न्यूयॉर्कचा.

इंग्रजीचं म्हणशील तर माझंच सांगतो. माझा पहिला पॅच (दुरुस्तीचा बदल) एका वाचनाच्या ॲपसाठी होता, त्यात ‘वऱ्हाड’ शोधलं की काहीच सापडायचं नाही, समोर पानावर तो शब्द ढळढळीत दिसतोय तरी. आपला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन त्याला हलंत लावायचा आणि दुसरा साधा र, हलंत आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगवेगळे शब्द. मी मेंटेनरला मराठी व्याकरण समजावत दोन पानं लिहिली, डिक्शनरी घेऊन बसलो होतो अक्षरशः, आणि उत्तर आलं की मला काहीच कळलं नाही. मग चार ओळींची टेस्ट लिहिली, हा शब्द आणि तो शब्द, शोधल्यावर दोन्ही सापडले पाहिजेत. जुन्या कोडवर लाल म्हणजे नापास, माझ्या कोडवर हिरवी म्हणजे पास. त्याला देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी मर्ज झालं. आजही मला तो हिरवा टिक आठवला की बरं वाटतं.

तेव्हा तू नवीन पुल रिक्वेस्ट उघडू नको, त्याच ब्रांचवर (तुझ्या बदलाच्या वेगळ्या प्रतीवर) फॉर्मॅटरचे बदल मागे घे, फाइल जशी विस्कटलेली होती तशीच राहू दे (ती आवरायची असेल तर नंतर मेंटेनरला वेगळं विचार, आधी विचार, मग हात लाव), फक्त तारखेच्या ओळी आणि टेस्ट ठेवून फोर्स पुश कर, म्हणजे आधी पाठवलेल्याच्या जागी हे नवं जाईल. प्रोजेक्टमध्ये कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असेल तर ती पूर्ण वाच, काही ठिकाणी कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाच्या संदेशाखाली) साइन्ड-ऑफ-बाय ही तुझ्या नावाची ओळ लागते आणि ती नसली की तपासणी तिथेच अडकते. मग इंग्रजीत दोन वाक्यं, फॉर्मॅटिंग काढलं, टेस्ट जोडली, बस.

टेस्ट नेमकी कशी लिहायची ते सांगतो कारण तुझा बग (कोडमधली चूक) छान आहे. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० वाजेपर्यंत तिकडे कालचाच दिवस चालू असतो. टेस्टमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता पक्का कर आणि घड्याळ ५:२९ वर थांबव, जुना कोड काल सांगेल, तुझा आज. लंडनमध्ये हिवाळ्यात घड्याळ यूटीसीवरच चालतं त्यामुळे तिथल्या माणसाला हा बग तेव्हा दिसतच नाही. आणि दुसरी टेस्ट न्यूयॉर्कच्या टाइमझोनची टाक, रात्री ९ ची, तिथे उलटं होतं, नोटवर उद्याची तारीख पडते. तुझा मेंटेनर अमेरिकेतला निघाला तर त्याने हे स्वतः बघितलं असेल.