केनियातील लहान मदतगटांना भेट देण्यापूर्वी

निवृत्तीनंतर आपण चार मित्रांनी काही रक्कम बाजूला काढली आहे, येत्या जानेवारीत पश्चिम केनियात जाऊन किसुमू शहराच्या आसपासचे लहान मदतगट पाहायचे आहेत आणि त्यासाठी काय तयारी करावी, असा आपला प्रश्न आहे. मी त्या भागात दोनदा जाऊन आलो आहे. लसी आणि कागदपत्रांबद्दल पुढे लिहितोच. पण पहिल्या खेपेला माझ्या हातून जी चूक झाली ती आधी सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण तशी तयारी कोणत्याही प्रवासी यादीत सापडत नाही.

एका खेड्यातील महिलांच्या गटाला पावसाचे पाणी साठवण्यासाठी टाकी बांधायची होती. निघताना अध्यक्षबाईंनी विचारले की आपल्याकडून काही मदत होईल का, आणि मी आपल्याकडच्या सवयीने इंग्रजीत म्हणालो, "बघू, काहीतरी करू." आपल्याकडे 'बघू' म्हटले की ऐकणाऱ्याला त्यातला संकोच कळतो आणि विषय तिथेच मिटतो. त्यांनी मात्र तो दिलेला शब्द मानला. चार महिन्यांनी मला कळले की गटाच्या बचतीतून पैसे काढून त्यांनी टाकीचे जोते बांधून घेतले होते आणि त्यामुळे दोघी सदस्यांना पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी कर्ज मिळाले नव्हते. टाकी आम्ही पुढे पूर्ण करून दिली, पण त्या दोघींचा तो हंगाम काही परत आला नाही.

म्हणून निघण्यापूर्वी चौघांनी एकत्र बसून एकूण रक्कम किती, ती एकदाच द्यायची की काही वर्षे, आणि निर्णय कोण घेणार, हे कागदावर लिहून काढा. त्यानंतर प्रत्येक गटासमोर चौघांनीही एकच वाक्य बोलायचे: "आज आम्ही समजून घ्यायला आलो आहोत, निर्णय अमुक तारखेला कळवू, आणि तो नकारही असू शकतो." हे वाक्य समोरच्या बायकांच्या डोळ्यांत पाहून म्हणणे जड जाते, म्हणून त्याची सवय इथेच करून घ्यावी असे मी मनापासून सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली भेट त्यांना फुकट पडत नाही. पाहुणे येणार म्हटले की खुर्च्या भाड्याने येतात, कोंबडी कापली जाते, चपात्या केल्या जातात (तिथे चपाती हा सणासुदीचा पदार्थ आहे), आणि वीस-पंचवीस जणी शेतातले किंवा बाजारातले काम सोडून दिवसभर बसून राहतात. चौघांनी एकदम जाण्यापेक्षा दोघादोघांनी जावे, एका दिवसात एकच गट पाहावा, आणि जेवणाचा खर्च आधीच खजिनदारांकडे देऊन त्याची पावती घ्यावी. आपण शाकाहारी असाल तर ते कळवण्यात संकोच करू नका. मक्याच्या पिठाची उगाली, सुकुमा विकी नावाची पालेभाजी आणि घेवड्याचे कालवण घराघरात असते. समोर आलेली कोंबडी परत पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

गट कसा पारखावा, हे आपल्या चौघांपैकी कोणाच्या घरी बचतगट चालवलेली बाई असेल तर तिला विचारा. जमल्यास तिलाच सोबत न्या. तिथल्या चामा नावाच्या गटांचे काम आपल्या भिशी आणि बचतगटांच्या इतके जवळचे आहे की तिला वही उघडताच कर्ज कोणाकडे थकले आहे ते दिसेल. स्वाहिलीत हिशेबाला 'हेसाबू' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात, त्यामुळे बोलणे सुरू व्हायलाही वेळ लागत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र, सभेचे इतिवृत्त आणि बँक खात्यावर एकापेक्षा अधिक जणांच्या सह्या लागतात की नाही, एवढे नम्रपणे पाहायला मागावे. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय तिथे 2007 पासून रुजलेली आहे आणि तिच्या नोंदी राहतात. तरीही रक्कम कोणा एकाच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवू नका.

अनाथाश्रमांच्या बाबतीत मी ठाम आहे. अशा संस्थांमधल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीमुळे ती घरापासून दूर ठेवलेली असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्या येत राहिल्या की मुले तिथेच ठेवण्याचा मोह वाढतो. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, ती याच काळजीपोटी. आपल्याला मुलांसाठीच काही करायचे असेल तर मुले ज्या आजीकडे किंवा मावशीकडे राहतात, त्या घराला आधार देणारा गट शोधा. आणि कुठल्याही मुलाचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

सोबत जुने कपडे नेऊ नयेत. मितुंबा, म्हणजे वापरलेले कपडे, तिथे गाठोड्यांनी येतात आणि बाजारात स्वस्तात मिळतात. वाटण्यासाठी औषधेही नकोत. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची आपली सवय असते, पण केनियात ऑगस्ट 2017 पासून अशा पिशव्यांवर कडक बंदी आहे, तेव्हा कापडी पिशव्या वापराव्यात.

आता प्रकृती आणि कागदपत्रे. केनियातून परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र 10 दिवसांनंतर ग्राह्य होते. साठी ओलांडल्यावर ही लस पहिल्यांदाच घेताना अधिक सावधगिरी लागते, म्हणून आपल्या डॉक्टरांशी आधी सविस्तर बोला. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हिवताप वर्षभर असतो आणि तो मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा; प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करून परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घ्याव्यात, आणि नंतर काही आठवड्यांनी जरी ताप आला तरी त्याच दिवशी रक्त तपासून कुठे जाऊन आलो ते सांगावे. सरोवराच्या पाण्यात पाय बुडवू नका, त्यातून बिलहार्झिया नावाचा कृमींचा आजार होतो. जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी आधी घ्यावी लागते. पाहुणा म्हणून मिळालेल्या परवानगीवर काम करता येत नाही, विनामोबदलाही नाही; त्यामुळे 'तिथे शाळेत शिकवू' असे काही मनात असेल तर वेगळी परवानगी लागेल.

भेटीची वेळ ठरवताना एक खबरदारी घ्या. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून 'सा न्ने' म्हणजे शब्दशः चार वाजता, पण सकाळी म्हटले असेल तर आपले दहा. आम्ही प्रत्येक वेळ दोन्ही पद्धतींनी म्हणून खात्री करून घेत असू.

पैसे भारतातून पाठवायचे झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली बँकेमार्फत वैयक्तिकरीत्या पाठवता येतात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही. एखाद्या इथल्या न्यासाचा पैसा वापरण्याचा विचार असेल तर आधी सनदी लेखापालांना विचारा, कारण परदेशातल्या खर्चामुळे न्यासाच्या करसवलतीला बाधा येऊ शकते.

जानेवारी निवडलात ते चांगले केलेत: रस्ते कोरडे असतात आणि शाळाही भरलेल्या असतात. मात्र 'लांब पाऊस', म्हणजे तिथला मुख्य पावसाळा, मार्चमध्ये सुरू होतो आणि बियाण्याची तजवीज त्याआधी करावी लागते. म्हणून ज्यांना भेटलात त्या प्रत्येक गटाला, ज्यांना काहीच देणार नाही त्यांनाही, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लेखी उत्तर पोहोचेल असे पाहा, आणि नकार असेल तर तो पहिल्याच ओळीत लिहा.