उभ्यानं खाल्लेलं

प्रिय पोरी,

शनिवारी तू रिपोर्टांची फाइल घेऊन आलीस. थायरॉईड ठीक, साखर ठीक, बी-बारा जरासं कमी. "सगळं नॉर्मल आहे, मग मला बरं का वाटत नाही, मावशी?" असं विचारलंस. मग बंगळूरची ऑफर आली, मग घरच्यांनी आणलेलं ते स्थळ, मग रात्री दोनपर्यंत न लागणारी झोप. मी ऐकत होते, पण माझं अर्धं लक्ष तुझ्या हातातल्या बशीकडे होतं. उपमा केला होता. खुर्ची रिकामी असताना तू ओट्याला टेकून उभी, एका हातात फोन, दुसऱ्यात चमचा. बशी सिंकमध्ये ठेवताना म्हणालीस, "काजू घालायला हवे होते, नाही?" आठ घातले होते गं. मोजून.

तू हुशार आहेस, सगळं नीट होईल वगैरे मी लिहिणार नाही. ते सांगायला तुझी आई आहे. बंगळूरला जावं की नाही हेही मला कळत नाही. मला एकच गोष्ट कळते आणि तीही फार उशिरा कळली: बसून जेव.

हसू नकोस. आता कुणी म्हणेल, मावशीचं वय झालं.

माझी आई परळला खानावळ चालवायची, हे तुला ठाऊक आहे. ती कशी चालायची, ते ठाऊक नसेल. दहा बाय बाराची खोली, त्यातच आम्ही पाच जणं आणि त्यातच वीस-बावीस मेंबर. सातारा, रत्नागिरीकडची माणसं, बायकापोरं गावाला, स्वतः गिरणीत. भोंगा झाला की पंधरा मिनिटांत पहिली पंगत. भाकरी, भात, आमटी, कधी सुकट. महिन्याच्या शेवटी खाडे वजा करून हिशोब. घाईत कुणी दारातच ताट हातात घेतलं, तर आई ओरडायची, "बस रे, बसून जेव. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही."

आणि ती स्वतः? शेवटची पंगत उठली की पातेल्याच्या तळाशी उरलेला भात आमटीत कालवून तिथेच, स्टोव्हपाशी, उभ्यानं. बसलं तर परत उठवत नाही म्हणायची. त्यात काही विचित्र आहे हे आम्हा पोरांना कधी वाटलंच नाही. आई अशीच जेवते, एवढंच.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी. गिरणी बंद म्हणजे पगार बंद, आणि पगार बंद म्हणजे खानावळ उधारीवर. पूर्वी अशा वेळी सावकाराकडे मंगळसूत्र जायचं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यामुळे बँकेचं कर्ज मिळायला लागलं होतं आणि आई कशीबशी तगली. पण मला आठवतं ते वेगळंच. ती माणसं बसेनाशी झाली. दारातनंच "आज भूक नाही, वहिनी" म्हणायची. पैसे देता येत नाहीत, मग पाटावर बसायचं कोणत्या तोंडानं? आई हाताला धरून बसवायची. वहीत मात्र प्रत्येक ताट लिहायची, आणि त्या वहीतलं किती वसूल झालं ते विचारू नकोस. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नुकतीच शाळेत लागले होते आणि मला तिचा राग यायचा. माझा पगार त्या वहीत जात होता.

असं सगळं बघून मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. लग्नानंतर चेंबूरला आले. सकाळची शाळा, 6:12 ची हार्बर. चहाबरोबर चपातीची सुरळी, तीही डबे भरता भरता. दुपारी आले की सासूबाईंचं पथ्याचं, मग मुलांचं, मग वह्या. रात्री सगळ्यांना गरम गरम वाढायचं आणि आपण ओट्यापाशी, पोळीचे तुकडे कढईतच पुसून. मुलगी म्हणायची, "आई, बस ना आमच्याबरोबर." मी म्हणायची, "तुम्ही सुरू करा, आलेच." हे "आलेच" मी तीसेक वर्षं म्हटलं.

आता तू म्हणशील, तेव्हा कुठे बसता आलं असतं? खरंय. दोघांच्या पगारात घराचा हप्ता, शाळेच्या फिया, सासूबाईंची औषधं. हात लावायला कुणी नाही. आजच्यासारखं फोनवर बोट ठेवलं की जेवण दारात, तसं नव्हतं. मी चुकले असं म्हणायला मी तयार नाही. माझ्या जागी कुणीही असती तरी... पण नाही. दहा मिनिटं होती. टीव्हीवरच्या मालिकेसाठी सापडत होती. बसले नाही, कारण उभं राहून राबणारी बाई घरात चांगली दिसते आणि मला चांगलं दिसायला आवडत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही सांगू नकोस.

साखर निघाली 2009 मध्ये. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवायला किती वेळ लागतो?" मी अभिमानानं म्हटलं, "पाच मिनिटं." ते म्हणाले, पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला साधारण 20 मिनिटं लागतात, तुम्ही तो निरोप येण्याआधीच जेवून उठता, आणि मग तासाभरानं डबे उघडता. बरोबर पकडलं होतं मला.

पण हट्ट धरला तो काही साखरेमुळे नाही. त्याचं कारण 26 जुलै 2005. मंगळवार होता. आई आमच्याकडे राहायला आली होती. मी शाळेतून दीडला घरी पोचले आणि त्यानंतर आभाळ फाटलं. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. वीज गेली, फोन मेले. हे साकीनाक्याला अडकलेले, मुलगा कॉलेजात, मुलगी मैत्रिणीकडे. रात्री नऊ वाजता आई म्हणाली, "आता कुणी यायचं नाही." मेणबत्तीच्या उजेडात मी पिठलं टाकलं, भात लावला. वाढायला कुणी नव्हतंच, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो.

पहिला घास घेऊन आई थांबली. म्हणाली, "पिठलं गरम असतानाच चांगलं लागतं गं."

जिनं हजारो माणसांना पिठलं वाढलं, तिला हे बहात्तराव्या वर्षी कळत होतं. मग तिनं पुन्हा वाढून घेतलं. दोन तास बोलत बसलो. संपातल्या कोणत्या माणसाचं पुढे काय झालं, कोण गावी परतला, कोणी वॉचमनकी धरली, सगळं तिला ठाऊक होतं. माझा नवरा कुठल्या पाण्यात आहे याची चिंता होतीच, पण ते जेवण मला गोड लागलं. त्याची लाज पुढे बरीच वर्षं वाटत होती. हे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

2011 मध्ये आई गेली. तसं जेवण पुन्हा झालं नाही. मुलं आली, वीज आली, मी परत ओट्यापाशी.

आता मात्र मी बसते. दुपारी एकला आणि रात्री आठला, गॅस बंद, फोन आतल्या खोलीत. पोळ्या आधी करून ठेवते; गार झाल्या तर सगळ्यांच्या गार होतील. लग्नाच्या बुफेत ताट घेऊन मी आधी खुर्ची शोधते. पुतण्याच्या रिसेप्शनला नवऱ्यामुलाची काकू स्टेजमागे खुर्ची टाकून जेवत होती, यावरून जाऊबाई अजून बोलतात. बोलू देत. हेकट म्हणतात मला.

तुझ्या मनगटावरचं ते घड्याळ शनिवारी थरथरलं तेव्हा तू म्हणालीस, "उठून उभी राहा म्हणतंय." मला हसू आवरेना. अगं, तू उभीच होतीस! तासाला एकदा उठ म्हणणारं यंत्र बाजारात मिळतं, पण बस म्हणणारं माणूस तुझ्या त्या गोरेगावच्या फ्लॅटमध्ये नाही. तिघी मुली राहता, तीन वेगळ्या वेळी तीन वेगळी पार्सलं येतात आणि तिघीही पलंगावर लॅपटॉपसमोर. पलंगावर बसणं मी बसणं धरत नाही, आधीच सांगते.

झोप लागेल की नाही, माहीत नाही. त्या स्थळाला हो म्हणावं की नाही, तेही माहीत नाही. तरी बस. भूक नसली तरी बस, ताक घेऊन बस.

या रविवारी वालाचं बिरडं करणार आहे. वाल शुक्रवारी रात्री भिजत घालावे लागतात, शनिवारी मोड येतात, म्हणून गुरुवारपर्यंत कळव. येताना दादरच्या बाजारातून ओला नारळ आण, इथला पाणचट निघतो. आणि लवकर ये. वाल सोलायला दोघी लागतात, आणि तेही उभ्यानं होत नाही.

तुझी,
मावशी