आधी आत्याला घाटावर ने

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आजोबांना घाटावर, म्हणजे स्मशानात, पुरलं त्या जागेवर कडप्पा लावू का ग्रॅनाइट, नाव कसं कोरू, किती खर्च येईल, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलं की नक्की जागा फक्त आत्याला माहीत आहे, ती ऐंशीच्या पुढची, कामठीला राहते. मग तू दगडाच्या दुकानात काय करून राहिला? आधी जागा. दगड केव्हाही मिळतो.

मी रागावतो कारण मी हेच केलं. माझा धाकटा भाऊ चार महिन्यांचा गेला, लहान लेकरू म्हणून घाटावर पुरला. आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दोनतीन वर्षांत उंचवटा सपाट झाला. आई दरवर्षी जायची, मला चल म्हणायची. आधी परीक्षा, मग नोकरी, मग असंच. ती गेल्यावर माझ्याकडे उरलं तिचं एक वाक्य, "कडुनिंबापासून भिंतीकडे अकरा पावलं." तिथे कडुनिंब तीन आहेत.

म्हणून सांगतो, आधी जागा. या रविवारी ऑटो कर, आत्याला ने, खुर्ची सोबत घे, तिला घाई करू नको. ती जिथे थांबेल तिथून भिंतीपर्यंत टेपनं मोज, दोन बाजूंनी मोज, झाड तोडतात कधीकधी. मोबाइलवर लोकेशन सेव्ह कर आणि वहीतही लिही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मृत्यूचा दाखला मागता येतो, तो काढ, तारीख पक्की होईल. पण कोणतं झाड ते कागद सांगत नाही, आत्या सांगेल.

सार्वजनिक जमीन आहे, तीच जागा पुन्हा दुसऱ्या कोणासाठी उघडतात, म्हणून सिमेंटचा ओटा बांधायच्या आधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचार. जमिनीच्या लेव्हलला छोटा दगड बसवू देतात का बघ. नाहीच दिला तर नको. जागा माहीत असली की झालं.

घरचे म्हणतात ना, इतक्या वर्षांनी काहून? मलाही म्हणतात. मी तिन्ही झाडांपासून अकरा पावलं मोजतो, आईसारखी लहान लहान, नऊवारीतली, आणि तिन्हीकडे फुलं ठेवतो. त्यात एक जागा त्याची असते. मी चुकत नाही, मला माहीत आहे.

आत्याचे गुडघे दुखतात असं लिहिलं तू. सकाळी आठच्या आत ने, ऊन व्हायच्या आधी.