देवाला ‘का रे’ म्हणावं का?

‘ताई, देवावर राग आला तर पाप लागतं का?’ दार लोटलं की आवाज खाली आणून हे विचारणारी ख्रिस्ती माणसं माझ्याकडे समुपदेशनाला नेहमी येतात. कुणी नगरकडचं, कुणी वसईचं. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाचं मूल. चर्चमध्ये ‘प्रभूची इच्छा’ म्हणतात आणि इथे येऊन झोप लागत नाही म्हणून सांगतात.

सुशीलाबाईंचंच (नाव बदललंय) सांगते. निवृत्त शिक्षिका. सव्वीस वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. महिनाभरातच बाईंनी चर्चमधल्या स्त्रियांच्या सभेत साक्ष दिली, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांपुढे बोलून दाखवला, ‘परमेश्वराने दिला, परमेश्वराने नेला.’ सगळ्यांनी डोळे पुसले, केवढा विश्वास म्हणून कौतुक केलं. तेव्हापासून बाईंचं जेवण तुटलं.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांना श्वासाचा सराव दिला. त्यांनी तो गृहपाठासारखा, वहीत तारखा टाकून पुरा केला. काही हललं नाही. चूक माझीच. आधीच नको इतक्या शांत झालेल्या बाईला मी आणखी शांत करत होते.

तिसऱ्या भेटीत विचारलं, ‘प्रार्थनेत मुलाबद्दल काय बोलता?’

‘आभार मानते.’

‘आणि?’

‘बाकीचं त्याला ठाऊकच आहे की.’

मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या साक्षीतलं वाक्य बायबलातल्या ईयोबाचं, त्याची मुलं गेली तेव्हाचं. त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब काय म्हणतो?’

त्या गप्प. ठाऊक होतं त्यांना. तिसऱ्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी वाद घालतो. शेवटी, बेचाळिसाव्यात, देव रागावतो ते त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असं त्यांना सुनावतो. आपल्याकडे सांत्वनाला येणारे पहिल्या अध्यायावरच पुस्तक मिटतात, हे माझं जुनं दुखणं आहे.

मग बायबलातलं तेरावं स्तोत्र काढलं. सहाच ओव्या, त्यात पहिल्या दोनमध्येच ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा. मी म्हटलं, हे चार प्रश्न तुमच्या अक्षरात, तुमच्या भाषेत लिहून आणा. शेवटची स्तुतीची ओवी सोडून द्या. ती आली तर येईल. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात ती येतच नाही, ते अंधारातच संपतं. तरी बायबलात आहेच ना?

पुढच्या वेळी बाईंनी दुरेघी वहीचं पान माझ्यापुढे सरकवलं. वळणदार अक्षर. पहिली ओळ ‘हे दयाळू पित्या’ अशी सुरू करून खोडलेली. खाली एवढंच: ‘का रे? कुठे होतास?’

‘उशिरा आला की त्याला असंच विचारायचे,’ म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हुंदका फुटला. वीस मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी शिकलेली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे.

त्या ‘रे’पाशी मला उमगलं ते असं. रडणं आपोआप येतं; गाऱ्हाणं मात्र कुणाकडे तरी न्यावं लागतं, आणि ऐकणारा आहे असं वाटल्याशिवाय कुणी ते नेत नाही. बाईंचा विश्वास आटला होता तो आभाराच्या दिवसांत. बायबलातली मार्थाही येशूला तोंडावर म्हणालीच, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला गप्प केलं नाही. पुढे तो स्वतःच रडला. आणि आपल्या मातीत तर विठ्ठलाला शिव्या घालणारी जनाबाई संत ठरली!

तेव्हा ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी मोठ्याने बोलावं, बोलता येत नसेल तर लिहावं, प्रार्थनेची भाषा सोडून घरच्या भाषेत. मात्र अन्नपाणी सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. सुशीलाबाईंनाही मी पाठवलं होतं. काही महिने गोळ्या चालल्या. प्रार्थना आणि गोळी एकमेकींच्या सवती नाहीत.

शेवटच्या भेटीत बाई सांगत होत्या, ‘काल त्याची बाईक दुरुस्त करून भाच्याला दिली. रात्री देवाला म्हटलं, आता याच्याकडे तरी नीट लक्ष ठेव.’

‘दमातच म्हणालात?’

‘मग? शिक्षिका आहे मी.’