झुणका-भाकर आणि तर्री पोह्याच्या दुकानाला 'मोदक' फॉन्ट कसा वाटेल?

नागपूरच्या मनीषनगरात दुकान काढताय आणि बोर्ड, मेन्यू, पार्सलचे डबे सगळं 'मोदक' फॉन्टमध्येच करायचं म्हणताय. बोर्डाला बेलाशक वापरा. मेन्यूला अजिबात नको.

'मोदक' हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी जवळजवळ संपते, नुसती बारीक चीर उरते, आणि डोळा त्या चिरेवरूनच अक्षर ओळखतो. फूटभर उंचीच्या अक्षरात ती झकास दिसते. मेन्यूच्या बारीक अक्षरात ती शाईतच बुजणार. अशा जाड अक्षरांत 'भ'च्या डोक्यावरची फट मिटली की गिऱ्हाईक 'भजी'ला 'मजी' वाचतं. 'ध' आणि 'घ'चीही तीच गत.

मेन्यूला त्याच मंडळींचा 'बालू २' घ्या. तोही गोलसरच, पण रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वेटमध्ये, म्हणजे जाडीत, मिळतो. भाव आणि पदार्थ मीडियममध्ये, मथळे एक्स्ट्राबोल्डमध्ये. दोन्ही फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. लायसन्स ओपन फॉन्टचं, त्यामुळे धंद्यासाठी वापरलं तरी कोणी पैसे मागायला येणार नाही.

बोर्ड फ्लेक्सचा असेल तर फार विचार करू नका. ॲक्रिलिकची कापलेली अक्षरं आणि आत एलईडी असा बेत असेल, तर जाड गोल अक्षर सोयीचंच. आत एलईडी बसवायला ऐसपैस जागा मिळते. शिवाय अक्षरं कापणाऱ्या राउटर मशीनचं बिट, म्हणजे कापणारं टोक, गोल असतं, टोकदार आतला कोपरा ते तसंही कापू शकत नाही. अडचण त्या चिरेचीच: बिटपेक्षा बारीक असेल तर कापली जात नाही, आणि कापली तरी रात्री उजेड पसरून दिसेनाशी होते. म्हणून कापायला देण्याआधी डिझाइनवाल्याकडून चिरा थोड्या रुंद करून घ्या. आकारात असा फेरफार करायला लायसन्सची आडकाठी नाही.

फॉन्ट पक्का करायच्या आधी 'वऱ्हाडी' आणि 'तर्री' हे दोन शब्द टाइप करून पाहा. 'वऱ्हाडी'त खाली टिंबवाला 'ऱ' घेऊन हलन्त दिलात की आडवा अर्धा र येतो, साध्या 'र'ला नुसता हलन्त दिलात तर रफार होऊन डोक्यावर बसतो. (नागपुरात झुणका विकायचा आणि पाटीवर 'वर्हाडी' लिहायचं, हे काही बरं दिसत नाही.) 'तर्री'त रफार आणि दीर्घ वेलांटी शेजारी येतात, जाड अक्षरात त्यांचा एकच गोळा होत नाही ना, तेवढं बघा.

फ्लेक्सवाल्याला वर्ड फाइल पाठवू नका. बऱ्याच जणांची सवय अजून श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरची आहे, आणि जुन्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी पेस्ट केलं की 'चिवडा'ची वेलांटी भलतीकडे जाते. सगळं कर्व्हमध्ये करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पीडीएफ द्या, आणि छापायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर स्वतः वाचून घ्या.