शत्रूला भेटायला रेक्याविकला

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच खेळाबद्दलची निघाली, म्हणून बाकीच्या वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून हे पान त्यांनाच देते आहे. ज्यांना गंधवार्ता नाही त्यांच्यासाठी एवढंच: ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला खेळ आइसलँडच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केला. खनिजं खणा, जहाजं बांधा, व्यापार करा, लढा, फसवा. कुणी अडवत नाही. चीनचा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. २००४ पासून कंपनी या लोकांना रेक्याविकला बोलावते. त्या मेळाव्याचं नाव फॅनफेस्ट. मी स्वतः खेळात लढत नाही, तिथल्या जीटा नावाच्या बाजारात बसून सुटे भाग विकते. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काय जमणार!

*प्रश्न: मी त्रेचाळीस वर्षांचा, सहकारी बँकेत नोकरीला. घर झोपल्यावर ईव्ह खेळतो. माझ्या कॉर्पमध्ये, म्हणजे खेळातल्या आमच्या गटात, पोलिश, जर्मन, इंग्रज मंडळी आहेत. यंदा फॅनफेस्टला येच म्हणून ती मागे लागली आहेत. बायको म्हणते, ज्यांची तोंडं पाहिली नाहीत त्यांना भेटायला एवढा खर्च? भाषणं तर घरबसल्या दिसतात. माझं इंग्रजीही कामापुरतंच. व्हॉइसवर मी बहुतेक नुसता ऐकतो. जावं का? — एक वाचक, सांगली*

भाषणांसाठी जाणार असाल तर जाऊ नका. याबाबतीत तुमच्या सौभाग्यवतींचं शंभर टक्के खरं. खेळाच्या नव्या विस्ताराचा ट्रेलर सांगलीतही तोच दिसतो, आणि सांगलीत चहा परवडतो.

जायचं ते गोलमेजींसाठी आणि माणसांसाठी. गोलमेज म्हणजे बाजूची एखादी लहान खोली, त्यात खेळाचा एखादा भाग ज्यांनी बनवला ते एकदोन कर्मचारी, आणि त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून बसलेले तीसेक खेळाडू. फॅक्शन वॉरफेअरची, म्हणजे खेळातल्या साम्राज्यांच्या युद्धाची वेगळी, उद्योगाची वेगळी, नवख्यांची वेगळी. उद्योगाच्या बैठकीत माझ्या शेजारी एक डच गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला छापील तक्ता काढला: कुठल्या जहाजाला किती ट्रिटॅनियम (खेळातलं एक खनिज) लागतं, ते वाहून न्यायला किती खेपा होतात, त्यात किती वेळ जातो. तीन ओळी पिवळ्या केलेल्या. ते काही बोललेच नाहीत, तक्ता फक्त पुढे सरकवला. समोरच्या मुलीने तो वाचला, पिवळ्या ओळींपैकी एकीवर पेनाने खूण केली आणि तक्ता स्वतःकडे ठेवून घेतला. तेव्हा इंग्रजीची चिंता सोडा. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांची भाषा तुमच्याइतकीच अडखळते, आणि आकडे सगळ्यांना कळतात.

तुम्ही बँकेतले म्हणून आणखी एक सांगते. या कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन नावाचा डॉक्टरेट केलेला अर्थतज्ज्ञ पगारावर ठेवला, खेळातली महागाई आणि व्यापार यांवर लक्ष ठेवायला. पुढे ते आक्युरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. खेळाडूंमधून निवडलेली एक परिषदही असते, सीएसएम म्हणतात तिला, २००८ पासून. मोठमोठ्या आघाड्या आपापली मतं कशी फिरवतात, कुणाचं नाव यादीत कितव्या क्रमांकावर घालायला सांगतात, हे सांगलीच्या माणसाला समजावून द्यायची गरज नाही. कारखान्याची निवडणूक पाहिलेला माणूस तिथे पाच मिनिटांत रुळतो. आणि २७ जानेवारी २०१४ ची बी-आर फाइव्ह आर-बी नावाच्या ठिकाणची खेळातली लढाई तर तुमच्या खात्यातलीच. एका आघाडीचं त्या प्रदेशाच्या ताब्याचं बिल भरलं गेलं नाही, ताबा गेला, शत्रू चालून आला. एकवीस तास लढाई चालली, साडेसात हजारांवर खेळाडू गुंतले, पंचाहत्तर टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, गेली. खऱ्या पैशांत तीन लाख डॉलरच्या आसपास चुराडा. हप्ता चुकल्यावर काय होतं ते तुम्ही कर्जदारांना यापेक्षा चांगलं समजावू शकणार नाही.

आता माणसं. खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं. आइसलँडचंही, बाराही महिने. तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढेमागे करत नाहीत. आपल्याकडे रोजचा डाउनटाइम, म्हणजे देखभालीसाठी खेळ बंद ठेवण्याची वेळ, दुपारी साडेचारला येतो आणि त्या घड्याळात संध्याकाळी सात वाजता निघणारा फ्लीट (जहाजांचा ताफा) मध्यरात्रीनंतर साडेबाराला. रेक्याविकमध्ये उतरल्यावर मनगटावरचं घड्याळ आणि खेळातलं घड्याळ पहिल्यांदाच जुळतं, आणि लक्षात येतं की हे लोक आजवर जेवणाआधी, उजेडी, मोठ्याने बोलत खेळत होते; कुजबुजायचो ते आपणच. तुमच्या कॉर्पमध्येही तुमची ओळख ‘हळू बोलणारा’ अशीच असणार. तिथे लोक हाक मारतात ती खेळातल्या नावाने. तुमचं नाव कानावर पडलं की चारजण वळून पाहतील, आणि त्यातल्या एखाद्याचं जहाज तुम्ही उडवलेलं असेल. सगळे एकाच विश्वात असल्याचा हा फायदा. दुसऱ्या कुठल्या खेळाच्या मेळाव्यात शत्रू असा नावानिशी समोर उभा राहील असं मला वाटत नाही. तो पहिल्यांदा विचारतो, “त्या रात्री तुम्ही कुठून आलात?” मग तासभर टेबलावरच्या मिठाच्या आणि मिरीच्या डब्या इकडून तिकडे सरकतात.

व्यवहाराचं बोलायचं तर आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला समजा. प्रौढांना शुल्क नव्वद युरो, विमा किमान तीस हजार युरोंचा. मुंबईहून थेट विमान नाही, युरोपात कुठेतरी बदलावं लागतं. प्रवासाचं कारण विचारतात तिथे फॅनफेस्टचं तिकीट जोडा आणि सरळ लिहा. लाजून ‘निसर्गदर्शन’ लिहायचं कारण नाही. रजेच्या अर्जात काय लिहायचं ते तुमच्या मॅनेजरचा स्वभाव पाहून ठरवा. २०२५ चा मेळावा १ ते ३ मे असा हार्पा सभागृहात झाला, म्हणजे महाराष्ट्र दिनाची एक सुट्टी तरी वाचली होती. पण तो दरवर्षी होतोच असं नाही, जागा आणि महिनाही बदलतो. २०२२ मध्ये तो लौगारडाल्सहॉलमध्ये होता. तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाला हात लावू नका.

छत्री नेऊ नका, पहिल्याच कोपऱ्यावर उलटी होते. चांगली विंडचीटर न्या. आणि बंदराजवळ २०१४ मध्ये उभारलेलं खेळाडूंचं स्मारक आहे, तिथे जा. त्या वर्षीच्या १ मार्चला ज्यांची खाती चालू होती त्यांच्या पात्रांची नावं त्यावर कोरलेली आहेत. तेव्हा तुम्ही खेळत असाल तर तुमचंही आहे. अक्षर बारीक आहे, जवळचा चष्मा ठेवा. मी गेले तेव्हा दोन थोराड माणसं उकिडवी बसून बोटाने ओळी लावत होती, आणि वाऱ्याने एकाची टोपी केव्हाच उडून गेली होती, त्याचं त्याला भानही नव्हतं.

*प्रश्न: आमच्या कॉर्पचा हँगर (खेळातलं सामाईक गोदाम) आमच्याच एका डायरेक्टरने रातोरात रिकामा केला. जहाजं, ती बांधायच्या ब्लूप्रिंट, तिजोरी, सगळं. नियमात बसतं म्हणे. आता तो फॅनफेस्टला येतोय आणि पब क्रॉलला आमच्याच गटात आहे. मी भांडू की तोंड फिरवू? शिवाय मी दारू घेत नाही. — वय चोवीस, पुणे*

अगं, दोन्ही नको. त्याच्या शेजारची खुर्ची पकड आणि तुझं सरबत त्याच्या पैशाने मागव. तुमच्याच पैशाने म्हण हवं तर.

ईव्हमधल्या चोराला आपली चोरी सांगायची भारी हौस असते. वर्षभर त्याला ती कुणाला सांगता आलेली नसते! त्याला बोलू दे. अधिकार त्याला कुणी दिले, कधी दिले, तिजोरीची आणि हँगरची चावी एकाच माणसाकडे कशी राहिली, कुणाला संशय आला होता आणि तो गप्प का बसला, हे सगळं विचार. माझ्या मते त्यात तुमच्या सीईओचा आळस त्याच्या हुशारीपेक्षा मोठा निघेल. परत येऊन आधी कॉर्पचे अधिकार तपासून घे.

चोरी खेळात चालते म्हणून सगळंच चालतं असं मात्र नाही, आणि ती रेघ फॅनफेस्टमध्येच एकदा ठळक आखली गेली. २०१२ मध्ये मंचावरून एका मोठ्या आघाडीच्या नेत्याने, जो सीएसएमचा अध्यक्षही होता, आत्महत्येची भाषा करणाऱ्या एका खेळाडूची टिंगल केली आणि त्याला छळायला लोकांना उचकवलं. नंतर त्याने माफी मागितली, अध्यक्षपद सोडलं, आणि कंपनीने त्याच्या खात्यावर तीस दिवसांची बंदी घातली. जहाज बुडवा, माणसाच्या अंगावर जाऊ नका. उद्या त्या टेबलावर तुमच्यातलंच कुणी चोराचं खरं नाव, नोकरी, घर उकरायला लागलं तर तूच थांबव. आणि तुझ्याबाबतीत कुणी तसं करायला लागलं तर आयोजकांना सांग. ‘खेळच आहे’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

पब क्रॉल म्हणजे कंपनीच्या माणसांबरोबर गटागटाने गावातल्या पबांमधून फिरणं. गावाचा मधला भाग लहान आहे, सगळं पायी होतं. न पिणाऱ्यांकडे कुणी वळून पाहत नाही. फक्त कॉर्पमधल्या ओळखीच्या दोघांना सोबत धर, आणि मुक्कामाची जागा शेवटच्या पबपासून चालत जाता येईल अशी निवड. बायका तिथे कमी. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग नाही असा एवढाच मेळावा मी पाहिला आहे.

*प्रश्न: नवरा फॅनफेस्टला निघालाय, मलाही चल म्हणतो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. शाकाहारी आहे. तीन दिवस मी करू काय? — एक वाचक, ठाणे*

चला. त्यांना सभागृहात सोडा आणि पाठ फिरवा. पूर्वी काही वर्षं खेळाडूंच्या जोडीदारांसाठी ‘सिस्टर्स ऑफ ईव्ह’ नावाची वेगळी सहलच निघायची, म्हणजे तुमच्यासारख्या पुष्कळ जणी तिथे येऊन गेल्या आहेत. आता ती असते का ते तिकीट काढताना विचारा. नसली तर एक दिवस थिंगवेलीर आणि गुल्फॉस धबधब्याची बस घ्या. थिंगवेलीरला इ. स. ९३० पासून आइसलँडची लोकसभा उघड्यावर भरायची, आणि उत्तर अमेरिका व युरेशिया ही दोन भूपट्टं जिथे एकमेकांपासून दूर सरकतात त्या भेगेतून वाट जाते. दुसऱ्या दिवशी गावातल्या गरम पाण्याच्या तलावावर जा. पोहण्याआधी सगळ्यांसमोर विवस्त्र होऊन साबणाने अंघोळ करावी लागते, तिथे भिंतीवर चित्र लावून कुठे कुठे घासायचं तेही दाखवलेलं असतं. पहिल्या वेळी आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं; तिथल्या आज्यांना काहीच वाटत नाही हे पाहून दुसऱ्या वेळी आपणही निर्लज्ज होतो.

देश मेंढ्यांचा आणि माशांचा, पण रेक्याविकमध्ये शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. भारतीय हॉटेलंही आहेत. स्किर नावाचं दही चक्क्यासारखं घट्ट असतं, साखर आणि वेलदोडा सोबत नेलात तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यात रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) असू शकतं, कडक पाळत असाल तर डब्यावरचं वाचून घ्या. थंड पाणी नळाचंच प्या, बाटलीवर पैसे घालवू नका. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो जमिनीतूनच येतो. हॉटेलवाल्याशी भांडू नका. दुकानातल्या पाट्यांवर आयएसके लिहिलेलं दिसेल, ते आइसलँडचं चलन. खेळातल्या चलनाचंही तेच लघुनाव आहे, त्यामुळे नवरा कॉफीचा दर पाहून ‘स्वस्त आहे’ म्हणाला तर पाकीट तुमच्याकडे घ्या.

मेमध्ये सूर्य रात्री दहाच्या पुढेमागे मावळतो आणि नीट काळोख होतच नाही, त्यामुळे नॉर्दर्न लाइट्सची आशा धरू नका; डोळ्यांवर बांधायची पट्टी मात्र न्या. शेवटच्या रात्रीच्या पार्टीला जा. खेळ कळायची गरज नाही, कंपनीची मंडळी स्वतःच बँड घेऊन मंचावर चढतात आणि तेवढं बरं वाजवतात. तिथे कुणी तुम्हाला “तुम्ही कुठल्या आघाडीच्या?” असं विचारेल. नवऱ्याच्या शत्रुपक्षाचं नाव आधीच पाठ करून जा.